मुलांचा श्वास, जबड्याची वाढ आणि आपले दातांचे डॉक्टर: सोलापुरात प्रशिक्षण सुरू करता येईल का?

रविवारपेठकर

नमस्कार मंडळी. शहराच्या पूर्व भागात माझा दातांचा दवाखाना आहे. मी बीडीएस, स्पेशालिस्ट नाही. दाढ काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनॉल, कवळी हे रोजचं काम. धागा मुख्यतः सोलापूर आणि आसपासच्या दातांच्या डॉक्टरांसाठी काढतोय, पण पालक, शिक्षक, कान-नाक-घशाचे डॉक्टर यांनीही लिहावं. विषय एकट्या दातवाल्यांचा नाही.

सहा-सात वर्षांचं मूल किडलेली दाढ घेऊन येतं. त्याला 'आ कर' म्हणावं लागत नाही, तोंड उघडंच असतं. ओठ सुकलेले, वरचा ओठ आखूड, डोळ्यांखाली काळसर. आरसा तोंडात घातला की लगेच त्यावर वाफ धरते. वरच्या पुढच्या दातांची हिरडी तेवढी लाल आणि सुजलेली, बाकीची ठीक, कारण तेवढाच भाग दिवसरात्र हवेवर सुकत असतो. टाळू अरुंद आणि खोल. पाण्याचा फवारा सुरू केला की पोर धडपडतं, आपला हात धरतं. आपण म्हणतो घाबरट आहे, आईला म्हणतो जरा समजावून आणा. पण श्वासाचा एकच रस्ता उघडा असलेल्या मुलाच्या त्याच रस्त्यात आपण पाणी सोडत असतो, तर ते दुसरं काय करणार?

मी आता अशा प्रत्येक मुलाच्या आईला विचारतो, 'झोपेत घोरतो का?' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'हो, अगदी त्याच्या बाबांसारखा,' आणि त्यात थोडं कौतुकही असतं. मग पुढचं विचारलं की एकेक गोष्ट निघते. मान मागे टाकून झोपतो. अंथरूणभर फिरतो. घामाने उशी भिजते. दात खातो. मोठा झाला तरी अधूनमधून अंथरूण ओलं करतो. शाळेतून तक्रार, एका जागी बसत नाही. हे सगळं आईला माहीत असतं. फक्त एकत्र कुणी विचारलेलं नसतं.

आता यात दातांच्या डॉक्टरांचा संबंध काय? तोंडाचा टाळू म्हणजेच नाकाची जमीन. वरचा जबडा अरुंद राहिला की नाकातली जागाही अरुंद राहते. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला टेकून राहते आणि वाढत्या जबड्याला आतून आधार देते. नाक बंद असलं की तोंड उघडं राहतं, जीभ खाली पडते, बाहेरून गालांचा दाब मात्र चालूच राहतो. जबडा रुंदीऐवजी खाली वाढतो, चेहरा लांबोडा होतो, दातांना जागा पुरत नाही. स्वीडनमध्ये स्टेन लिंडर-आरोनसन यांनी १९७० मध्ये ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेल्या मुलांचे चेहरे आणि दात मोजून हे दाखवलं होतं. पुढे शस्त्रक्रियेनंतर नाकाने श्वास घेऊ लागलेल्या मुलांत यातले काही बदल अंशतः उलटतात, हेही दिसलं. कॅलिफोर्नियात एगिल हार्वोल्ड यांनी वाढत्या माकडांच्या नाकपुड्या बंद करून बघितलं. माकडं तोंडाने श्वास घेऊ लागली आणि त्यांचे जबडे, दात बिघडले. सगळ्यांचे एकसारखे नाही बिघडले, हे महत्त्वाचं. प्रत्येकाने तोंड उघडं ठेवायची आपापली तऱ्हा काढली आणि तसा जबडा घडला.

म्हणजे ही माहिती जुनी आहे. पण बीडीएसच्या पाच वर्षांत ती आम्हाला कुठे भेटली? 'तोंडाच्या सवयी' या प्रकरणात. अंगठा चोखणं, नखं खाणं, जीभ पुढे ढकलणं आणि त्याच रांगेत तोंडाने श्वास घेणं. परीक्षेत टीप लिहायची, ओरल स्क्रीनची (ओठांच्या आत बसवायच्या पडद्याची) आकृती काढायची, गुण घ्यायचे. मूल रात्री कसं झोपतं हे विचारायचं असतं, टॉन्सिल बघून ते किती वाढलेत याची प्रत लिहायची असते, मग कुणाकडे आणि काय लिहून पाठवायचं, हे खुर्चीशेजारी उभं राहून कुणी शिकवलं नाही.

अमेरिकेत डेंटल असोसिएशनने २०१७ मध्ये धोरण जाहीर केलं. झोपेतल्या श्वासाच्या तक्रारींची चाचपणी दातांच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीत करावी आणि निदान वैद्यकीय डॉक्टरांनी करावं. मला ही वाटणी पटते. आपल्याकडे मूल तापाशिवाय बालरोगतज्ज्ञाकडे जात नाही, कान दुखल्याशिवाय ईएनटीकडे जात नाही. दात मात्र पडतात, हलतात, किडतात, वाकडे येतात. सहा ते बारा या वयात आमच्याकडे ते कधीतरी येतंच, आणि जबड्याच्या वाढीला वळण देण्याचं वयही तेच.

माझं म्हणणं एवढंच की सोलापुरातल्या साध्या बीडीएस डॉक्टरांना हे ओळखायचं आणि वेळेत पाठवायचं प्रशिक्षण मिळावं. कुठल्याही कंपनीच्या टाळू रुंद करायच्या प्लेटा विकायचा कोर्स नको. कसं करता येईल, लिहा.

मधुमालती

डॉक्टर, वाचताना मुलगीच डोळ्यांसमोर आली. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. ती चार वर्षांची असल्यापासून घोरायची. सासूबाई म्हणायच्या, गाढ झोप लागते पोरीला, नजर लावू नका. पहिलीत बाईंनी बोलावून सांगितलं, लक्ष नसतं, मध्येच चिडते. आम्ही शिकवणी लावली. दात पुढे येतायत म्हणून एका दवाखान्यात दाखवलं तर सांगितलं, बारा वर्षांनंतर तार लावू, तोवर काही करायचं नसतं. घोरण्याचं कुणी विचारलं नाही आणि दातांच्या डॉक्टरांना ते सांगायचं असतं हे मला तरी कुठं माहीत?

शेवटी नणंदेच्या सांगण्यावरून ईएनटीला दाखवलं. ॲडेनॉइडने नाकामागची जागा जवळजवळ भरली होती. आधी काही आठवडे नाकात मारायचा स्प्रे दिला, फरक पडला नाही, मग ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही रात्री मी उठून तिच्या छातीवर हात ठेवून बघत होते, कारण आवाजच येत नव्हता. इतकी वर्षं त्या आवाजाची सवय झाली होती.

आता शांत झोपते, पण तोंड अजून उघडं राहतं आणि टाळू खोलच आहे. आता पुन्हा दातांच्या डॉक्टरांकडे जायचं का? कुणाकडे?

कर्णपाळ

मी ईएनटी आहे, थोडं सविस्तर लिहितो.

मधुमालतीताई, हो, आता ऑर्थोडॉन्टिस्टला (दात-जबडा सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. अडथळा काढला तरी तोंड उघडं ठेवायची सवय आणि झालेली जबड्याची ठेवण आपोआप जात नाही. आमच्याकडून 'ऑपरेशन झालं, फाइल बंद' असं होतं, ते चूक आहे. काही मुलांत शस्त्रक्रियेनंतरही त्रास शिल्लक राहतो, विशेषतः वजन जास्त असेल किंवा जबडा अरुंद असेल तर. म्हणून फेरतपासणी लागते.

रविवारपेठकर, तुमची कल्पना चांगली आहे, पण प्रशिक्षणात काही गोष्टी पक्क्या घाला.

मुलांचा झोपेतला श्वासरोध मोठ्यांसारखा दिसत नाही. मोठा माणूस दिवसा पेंगतो. मूल उलट चळवळं, चिडकं होतं. ख्रिस्तियन गिल्मिनो यांनी १९७६ मध्ये आठ मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून हे नोंदलेलं आहे. झोपेच्या तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात. मोठ्यांत पाचपर्यंत चालवून घेतात, मुलांत एकाच्या वर गेलं की आम्ही लक्ष देतो आणि दहाच्या वर म्हणजे तीव्र. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजाराचं मुलांतलं प्रमाण १.२ ते ५.७ टक्के दिलंय. घोरणारी मुलं याहून पुष्कळ जास्त. म्हणजे प्रत्येक घोरणारं मूल आजारी नाही, पण प्रत्येक घोरणाऱ्या मुलाची चौकशी मात्र झालीच पाहिजे.

दुसरं, ॲडेनॉइड लहानपणी वाढतात आणि पुढे वयाबरोबर आक्रसतात, म्हणून 'मोठेपणी जाईल' हे वाक्य पूर्ण खोटं नाही. २०१३ साली अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास झाला. निम्म्यांचं ऑपरेशन लगेच केलं, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी सुधारून सामान्य झाली, पण नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची झाली. लक्ष-एकाग्रतेच्या चाचणीत दोन गटांत ठळक फरक पडला नाही. वागणूक, झोप, एकूण जगणं मात्र ऑपरेशन झालेल्यांचं जास्त सुधारलं. हे आकडे पालकांना सांगितले पाहिजेत. पण वाट बघणं म्हणजे विसरून जाणं नव्हे. वाढणाऱ्या जबड्याला ते सात महिनेही मोजावे लागतात, आणि आपल्याकडे सात महिन्यांची सात वर्षं होतात.

तिसरं आणि कळकळीचं. दातांच्या डॉक्टरांनी निदान करू नये. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) श्वासमार्गाचा रंगीत आकार दाखवून 'बघा किती अरुंद' असं पालकांना सांगितलं जातं. तो स्कॅन जाग्या मुलाचा असतो. झोपेत स्नायू सैल पडल्यावर काय होतं ते त्यात दिसत नाही.

टॉन्सिल बघायला मात्र जरूर शिका. ब्रॉडस्की यांची ० ते ४ ही प्रतवारी सोपी आहे. घशाची पाव रुंदी अडली तर १, अर्ध्यापर्यंत २, पाऊणपर्यंत ३, त्यापुढे ४. चिठ्ठीत 'टॉन्सिल ३, घोरतो, मध्ये श्वास थांबतो असं आई सांगते' एवढं लिहून पाठवलंत तरी माझं अर्धं काम होतं. श्वास थांबतो, ओठ निळसर पडतात, वजन वाढत नाही असं कळलं तर चिठ्ठी नको, फोन करा.

माळरान

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हा नवा धंदा तर नाही ना? माझ्या भाच्याला मोठ्या शहरात एका ठिकाणी एकाच बैठकीत जिभेखालचा पडदा लेझरने कापायचा, टाळू रुंद करायची प्लेट आणि व्यायामाचं पॅकेज असं तिन्ही सांगितलं. पोरगं बोलतंय नीट, खातंय नीट. आणि आता तुम्ही म्हणताय सगळ्या दातांच्या डॉक्टरांना हेच शिकवा. उद्या प्रत्येक दवाखान्यात पाटी लागेल.

रविवारपेठकर

माळरानसाहेब, राग कसला? ही भीती मलाही आहे आणि धाग्यात ती यायलाच हवी होती. जिभेच्या पडद्याबद्दल अमेरिकन बालरोग अकादमीनेच २०२४ मध्ये सावध केलंय. पडदा आखूड असलेल्या पुष्कळ बाळांना दूध प्यायला काही अडचण नसते, आधी स्तनपानाची मदत द्या, ऊठसूट कापू नका. बोलणं आणि खाणं नीट असलेल्या मुलाचा पडदा श्वासासाठी कापावा याला भक्कम आधार मला कुठे सापडलेला नाही. दुसरं मत घ्या.

पण अशा पाट्या लागतात त्याचं कारणच हे की हा विषय कॉलेजने शिकवला नाही, तो उपकरण विकणाऱ्यांनी दोन दिवसांच्या हॉटेलातल्या कोर्समध्ये शिकवला. जो प्लेट विकतो त्याच्याकडून शिकलेला डॉक्टर प्रत्येक तोंडात प्लेटच बघणार. म्हणून मला हे प्रशिक्षण विक्रीपासून तोडलेलं हवंय. ज्याला ओळखून पाठवायचंय त्याला त्यातून एक रुपयाचाही लाभ नसावा. तपासणीच्या फीमध्ये पाच प्रश्न जास्तीचे, बस.

वळणदार

ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, दर आठवड्याला सोलापूरला येतो. रविवारपेठकरांशी पूर्ण सहमत.

टाळू रुंद करणं ही जुनी गोष्ट आहे. एमर्सन एंजेल यांनी १८६० मध्ये पहिली नोंद केली, १९६० नंतर अँड्र्यू हास यांनी ती पुन्हा रुळवली. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो. वयात येईपर्यंत तो पक्का जुळलेला नसतो. दाढांना बसवलेल्या उपकरणात मध्ये स्क्रू असतो. तो घरी आईवडिलांनी चावीने फिरवायचा, एका वेळी पाव मिलिमीटरच्या आसपास. आठ-दहा दिवसांत वरच्या दोन पुढच्या दातांत फट दिसू लागते आणि पालक घाबरून फोन करतात. ती फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण. पुढे ती बरीचशी आपोआप मिटते. मग नवीन हाड भरेपर्यंत उपकरण काही महिने तसंच ठेवायचं.

याने श्वास सुधारतो का? इटलीत पिरेली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३१ मुलांचे निकाल छापले. श्वास अडण्याचं प्रमाण तासाला सरासरी १२.२ होतं, ते एकाच्या खाली आलं. वाचायला फार छान वाटतं. पण ती मुलं निवडक होती. जबडा अरुंद, ॲडेनॉइड वाढलेले नाहीत, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून मी पालकांना सांगतो, जबडा खरोखर अरुंद असेल, वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर हे उपकरण त्यासाठी लावा. श्वास सुधारला तर दुहेरी फायदा. रुंद जबडा असलेल्या मुलाला नुसत्या घोरण्यासाठी ते लावू नका. खालचा जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखी उपकरणं वयात येतानाच्या वाढीच्या काळात काम करतात. तो निर्णय वेगळा, त्याची वेळ वेगळी.

आणखी एक. 'दात काढून तार लावली की श्वासमार्ग आकुंचन पावतो' असं समाजमाध्यमांवर फिरतंय. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्ट संघटनेने २०१९ मध्ये तज्ज्ञांचा अहवाल काढला, त्यात असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं स्पष्ट म्हटलंय. आधीच तार लावलेल्या मुलांच्या पालकांनी घाबरू नये.

बीडीएसवाल्यांना एवढंच शिकवा: सातव्या-आठव्या वर्षी दाढांचा चाव बघा, टाळूची रुंदी बघा, 'बारा वर्षांनंतर या' असं सरसकट सांगू नका.

शाल्मली_दंत

मी मुलांच्या दातांची डॉक्टर. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते, आणि मला ती सगळ्यात तातडीची वाटते. घोरण्याचा प्रश्न आपल्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठी विचारायचा असतो. लहान मूल शांत राहावं म्हणून आपण गुंगीचं औषध देतो, कधी पूर्ण भूल देऊन एकदम सगळे दात करतो. श्वासरोध असलेल्या मुलात त्या औषधांनी घसा आणखी सैल पडतो. भूलतज्ज्ञांना आधी कळवलं तर ते तशी तयारी ठेवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्याबद्दल २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही असं ठरवलं, ते श्वास मंदावून झालेल्या मृत्यूंमुळेच. माझ्या केसपेपरवर 'ॲलर्जी आहे का' याच्या खालीच आता 'झोपेत घोरतो का' छापलेलं आहे. प्रशिक्षणाची सुरुवात इथून करा. ज्या डॉक्टरांना जबड्याच्या वाढीत रस नाही, त्यांनाही हे नाकारता येणार नाही.

पद्मशाली गल्ली

डॉक्टर, आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमची अम्मा बिडी वळते, बायको वळते, शेजारीपाजारी पण तेच. एकच खोली. सुपात तंबाखू, तिथंच पोरं अभ्यास करतात, तिथंच झोपतात. माझा धाकटा कायम नाक ओढतो, तोंड उघडं. सर्दी सर्दी म्हणून तीन वर्षं झाली. कारखान्यात जाणारा मी, लूमचा कापूस अंगावर घेऊन घरी येतो. आमच्या पोरांना हे दातावालं बघा की आधी. पण मुंबई-पुण्याची तपासणी सांगू नका, रोज बुडतो.

कर्णपाळ

तुमच्या मुलाला आणा. अशा घरांत नाकाची ॲलर्जी खूप बघतो आणि ती बरी करण्यासारखी असते. बऱ्याच वेळा नाकाचा स्प्रे रोज, नीट पद्धतीने, काही आठवडे मारला तरी फरक पडतो. लोक दोन दिवस मारून सोडतात, किंवा नाकाच्या मधल्या पडद्यावर मारतात आणि रक्त येतं म्हणून बंद करतात. नळी बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने धरायची. सूप रात्री खोलीबाहेर, झाकून ठेवा. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे दाराशीच बदला. घरात कुणी बिडी ओढत असेल तर ती आधी बंद. झोपेची तपासणी सगळ्यांना लागत नाही. ज्यांना लागते त्यांच्यासाठी सिव्हिलमधून पुढची चिठ्ठी घेता येते. फोनवर झोपेतला दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा, छाती आणि तोंड दिसेल असा, अंगावरचं पांघरूण बाजूला करून. मला त्याचा फार उपयोग होतो.

ज्वारीचं कोठार

आमचे आजोबा म्हणायचे कडक भाकरी चावून खा, जबडा घट्ट होतो. आता पोरांना बिस्कीट दुधात बुडवून. याचाही संबंध आहे का डॉक्टर?

रविवारपेठकर

आहे, पण बेताने घ्या. रॉबर्ट करुचिनी नावाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी आपल्याकडे चंडीगढच्या आसपास अभ्यास केला होता. शहरातल्या मुलांचे दात खेड्यातल्या मुलांपेक्षा जास्त वाकडे निघाले आणि त्यांनी त्याचा संबंध मऊ अन्नाशी जोडला. चावण्याने जबड्याला व्यायाम होतो हे पटण्यासारखं आहे. कडक भाकरी, शेंगा, गाजर, ऊस पोरांना जरूर द्या. पण नाक बंद असलेलं मूल चावतानाच दमतं, तोंड मिटून घास चावणं त्याला जमत नाही, म्हणून ते मऊ मागतं. मूल घास गालात धरून बसत असेल, जेवायला तासभर लावत असेल, तर आधी नाक बघा. आणि ॲडेनॉइडने रस्ता अडला असेल तर भाकरीने तो मोकळा होणार नाही.

झेडपीची बाई

दक्षिण सोलापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात दोन-तीन मुलं अशी दरवर्षी असतात. ताई, सर, आम्हाला पण सांगा ना काय बघायचं. दातांच्या डॉक्टरांकडे यांतलं एकही मूल आपणहून जाणार नाही, आमच्याकडे रोज येतं. वर्षातून एकदा आरबीएसकेची (मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची) गाडी येते, वजन, उंची, डोळे, दात बघतात. तिथं जोडता येईल.

वैद्य_फिरस्ता

मी आरबीएसके पथकात आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकात आम्ही दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार, विकासातला उशीर असं बघून कार्ड भरायचं असतं. दातांची कीड त्यात आहे, दुभंगलेला टाळू आहे. घोरण्याचा रकाना नाही.

खरं सांगायचं तर एका मुलामागे मिनिटं मोजकी मिळतात. बावीस प्रश्नांची प्रश्नावली आणलीत तर कुणी भरणार नाही. पण दात बघायला तोंड उघडतोच, तर टॉन्सिल तेव्हाच दिसतात. ते कसे मोजायचे हे कुणी अर्ध्या दिवसात शिकवलं तर जास्तीचा वेळ लागणार नाही. दुसरं, जिल्हा पातळीवरच्या डीईआयसीच्या (पाठवलेल्या मुलांची पुढची तपासणी करणाऱ्या केंद्राच्या) रचनेत दातांच्या डॉक्टरांची जागा मुळातच धरलेली आहे. बालरोगतज्ज्ञ, श्रवण-वाचातज्ज्ञ, दातांचे डॉक्टर एकाच छपराखाली असावेत हाच त्यामागचा विचार. नवीन केंद्र काढायची गरज नाही. आहे त्या जागेवरच्या माणसाला हे शिकवा आणि आमच्या चिठ्ठ्या तिकडे जाऊ द्या. शासनाचा नमुना आपल्याला बदलता येत नाही, पण शेऱ्याच्या ओळीत लिहायला कुणी अडवत नाही.

इंटर्न_२३

मी बीडीएस इंटर्न. रविवारपेठकर सर, अजूनही तसंच आहे, 'तोंडाच्या सवयी' आणि टीप. तिसऱ्या वर्षी आम्हाला जनरल मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंगला पाठवतात. तिथे आम्ही वॉर्डात मागे उभे राहतो, ब्लड प्रेशर घेतो, सही घेऊन परत. त्यातले चार दिवस ईएनटीच्या ओपीडीत आणि बालरोग विभागात बसवलं तर? आणि लहान मुलांच्या दातांच्या विभागात केस हिस्टरी लिहिताना झोपेचे प्रश्न सक्तीचे केले, सरांनी ते नसले की केस परत पाठवली, तर आपोआप सवय लागेल. आम्ही परीक्षेत जे विचारतात तेच शिकतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्यातले काही जण शाळा तपासणी शिबिरांना जातात. केगावच्या आसपासच्या शाळांत आम्ही टूथब्रशचं प्रात्यक्षिक दाखवतो. त्याच वेळी मुलाला तोंड मिटून, नाकाने श्वास घेत तोंडात घोटभर पाणी धरायला सांगायचं, असं करता येईल. ज्याला काही सेकंदही जमत नाही त्याचं नाव बाईंकडे द्यायचं.

कर्णपाळ

पाण्याची युक्ती चांगली, पण सर्दीच्या दिवसांत सगळा वर्गच नापास होईल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा आणि मग नाव द्या.

मधुमालती

पालकांसाठीची चिठ्ठी तेलुगू आणि कन्नडमध्येही काढा. अक्कलकोटकडच्या आणि पूर्व भागातल्या आयांना मराठी बोलता येतं, पण वाचायला कंटाळतात. घरी बसून जे वाचायचं ते आपल्या भाषेत हवं. कन्नडचं मी बघते, माहेर तिकडचंच आहे.

पद्मशाली गल्ली

तेलुगू माझ्याकडे. आणि आमच्या गल्लीत बैठक घ्या, बायका दुपारी वळायला एकत्र बसतात तेव्हा. दवाखान्यात बोलावलं तर येणार नाहीत.

रविवारपेठकर

इतका प्रतिसाद येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांच्या लिहिण्यातून जे हाती लागतंय ते मांडतो, दुरुस्त्या सुचवा.

पहिल्या बैठकीत शहरातले साधे बीडीएस डॉक्टर. शाल्मलीताई गुंगी आणि भुलीवर बोलतील, त्यानेच सुरुवात, ताईंचं म्हणणं योग्य आहे. मग केसपेपरवर छापायचे प्रश्न ठरवू: आठवड्यातले बहुतेक दिवस घोरतो का, श्वास थांबल्यासारखा वाटतो का, दिवसा तोंड उघडं असतं का, अंथरूण ओलं करतो का, शाळेत पेंगतो किंवा फार चळवळ करतो का. हे प्रश्न चाळणी म्हणून, निदान म्हणून नाही. वळणदार सरांनी प्लास्टरचे नमुने आणावेत, अरुंद आणि साधारण टाळू शेजारी ठेवून हाताने चाचपून बघता येतील. चित्रात ती खोली कळत नाही.

बैठकीला कुठल्याही कंपनीचं प्रायोजकत्व नाही. चहाचा खर्च आपापला.

आरबीएसके पथकासाठी वेगळा अर्धा दिवस, त्यासाठी आरोग्य विभागाला रीतसर पत्र द्यावं लागेल. मसुदा मी लिहितो, वैद्य_फिरस्ता यांनी तपासून द्यावा. इंटर्न मंडळींनी आपल्या विभागप्रमुखांशी बोलावं, पोस्टिंगचं कॉलेजच ठरवू शकतं.

आता अडतंय ते एकाच ठिकाणी. टॉन्सिल बघायला शिकायचं तर खऱ्या मुलांचे घसे बघावे लागतील. कर्णपाळ सर, तुमच्या ओपीडीत आमच्यातल्या काहींना बसता येईल का?

कर्णपाळ

या. बुधवार दुपार बरी, त्या दिवशी शाळकरी मुलं जास्त असतात. एका वेळी चौघेच या, त्याहून जास्त जणांची मुलांना भीती वाटते. पालकांना मी आधी विचारीन, ज्यांची ना असेल तिथे बघायचं नाही. प्रत्येकाने टॉन्सिलची प्रत आपली आपण ठरवून कागदावर लिहायची, शेजाऱ्याला विचारायची नाही, आणि ओपीडी संपली की माझ्या नोंदींशी ताडून बघू. पहिल्या दिवशी जुळणार नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या बुधवारी जुळायला लागतात.